जुन्या पिस्तुलाचे शिक्के वाचायला मदत हवी: दिपाजी राण्यांच्या काळातलं की पाखल्यांचं (पोर्तुगिजांचं)?

डिचोलकार

नमस्कार मंडळी. इथे नुसता वाचत असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. आईचं माहेर गोव्यात सत्तरीत, वाळपईच्या पुढे. आजी गेल्यावर आता मामा-मावश्यांचा इन्व्हेंतार (वारसांतल्या वाटणीचा दावा) कोर्टात घालायचाय आणि वकिलाने फर्मान काढलंय की भाटापासून (माडांच्या बागेपासून) तांब्याच्या भाणापर्यंत सगळ्याची यादी करा आणि प्रत्येक वस्तूचं नीट वर्णन द्या. तर यादी करता करता आजोबांच्या कपाटातलं पिस्तूल बाहेर आलं. ते आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बघितलं होतं फक्त मामांनी.

मोठा मामा म्हणतो लिहा, "दिपाजी राणे यांच्या पोर्तुगिजांविरुद्धच्या बंडातील पिस्तूल, सन १८५२". धाकटा म्हणतो कसलं दिपाजीचं, कुणा पाखल्या ऑफिसराचं असणार, पणजोबांकडे गहाण पडलं नि सोडवायला कोणी आलं नाही. मावशी म्हणते काहीही लिहा पण ते आधी घरातून बाहेर काढा. वकील म्हणतो मला गोष्टी नकोत, मेक, मॉडेल, साल सांगा.

माहिती एवढीच की सहा गोळ्यांचं फिरतं चक्र आहे, म्हणजे रिव्हॉल्व्हरच, पण घरात सगळे पिस्तूलच म्हणतात. नळी बाहेरून गोल नाही, आठ पैलूंची. मूठ लाकडी, बारीक चौकटी कोरलेली, खाली कडी. चक्राच्या मागे उजव्या बाजूला एक छोटं झाकण आहे. मामाने करून दाखवलं, ते झाकण उघडं ठेवून चाप ओढला तर घोडा जागचा हलत नाही, नुसतं चक्र एकेक घर पुढे सरकतं. बिघडलंय का असं? शिक्के चार-पाच ठिकाणी आहेत पण गंज चढलाय, एक लांबट गोल नि त्यात अक्षरं एवढं दिसतं. फोटो टाकलेत, अंधुक आलेत, सांभाळून घ्या.

तोफखाना_रिटायर्ड

बाकीचं नंतर. चाप ओढायच्या आधी सहाही घरं रिकामी आहेत हे कोणी बघितलं होतं का? शंभर वर्षं पडून राहिलेलं काडतूस मेलेलंच असतं असं समजू नका, मी नोकरीत जुनी काडतुसं उडालेली बघितली आहेत. झाकण उघडा, तोंड भिंतीकडे, बोट चापाच्या बाहेर, चक्र हाताने फिरवून मागून प्रत्येक घरातून उजेड आरपार येतो का बघा. एखाद्या घरात पितळ दिसलं तर काढायचा प्रयत्न करू नका, आहे तसं ठेवा नि पोलिसांना कळवा. आणि मामाला सांगा पाव्हण्यांना करून दाखवणं बंद.

सत्तरीचो_भुरगो

मोठ्या मामाच्या बाजूने माझं एक मत घ्या. दिपाजींनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेतला, आमच्या भागातल्या निम्म्या जुन्या घरांत त्या काळाची एक तरी तलवार नाहीतर ठासणीची बंदूक असल्याचं सांगतात. वाळपईच्या पुढे म्हणजे ते सगळं आजूबाजूलाच घडलेलं. मग पिस्तूल का नसावं?

पोरसांव

आमच्या घरी दिपाजींची सुपारी कातरायची अडकित्ता आहे. शिक्का नाही, पण काकू शपथ घेऊन सांगते.

गंजबहाद्दर

डिचोलकार, बिघडलेलं नाही, उलट झाकणाचं जे सांगितलंत त्यानेच अर्धं काम केलंय. झाकण उघडलं की घोडा सुटा पडतो आणि चाप फक्त चक्र फिरवायला उरतो, म्हणजे भरताना नि रिकामी काडतुसं काढताना चुकून बार उडायची भीती नाही. ही अबादी नावाची रचना. पण तेवढ्यावर साल ठरवू नका कारण ही युक्ती पुढे बऱ्याच जणांनी उचलली, फ्रेंच सैन्याच्या १८९२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये आहे, ऑस्ट्रियाच्या १८९८ च्या रास्ट-गासरमध्येही आहे. त्यामुळे शिक्के वाचावेच लागतील.

वाचायचे कसे ते सांगतो. खोलीतला दिवा बंद करा. मोबाईलचा टॉर्च वरून मारू नका, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा आणि उजेड चारी दिशांनी फिरवत प्रत्येक वेळी फोटो घ्या, एका बाजूने न दिसलेलं अक्षर दुसऱ्या बाजूने उभं राहतं. तरी नाही दिसलं तर पांढऱ्या खडूची पूड बोटाने चोळायची नि वरची वर कापडाने पुसायची, खोलात पूड राहते. नळीवरच्या मजकुरासाठी बटरपेपर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. झालं, याहून जास्त काही करायचं नाही. चिंच नको, ब्रासो नको, पॉलिशपेपर नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. शिक्क्याची खोली म्हणजे केवढी, गंज घालवायच्या नादात कडा गेल्या की मग वाचायला काही शिल्लकच राहत नाही, आणि गोव्यात हे फार होतं, पावसाळ्यानंतर कुणीतरी उत्साही नातेवाईक सगळं लखलखीत करून ठेवतो. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब मऊ कापडावर, बस्स.

मला हवंय ते असं: नळीवर काय लिहिलंय, लंबगोलात कुठली अक्षरं आहेत आणि त्या लंबगोलाच्या वर मुकुट आहे की नाही, एकट्या अक्षराचा बारीक शिक्का कुठे आहे का नि त्याच्या डोक्यावर काय आहे, आणि नळीची लांबी चक्राच्या पुढच्या टोकापासून तोंडापर्यंत. नंबर इथे टाकू नका, फक्त सगळ्या भागांवर तोच आहे का ते सांगा.

म्हापशेकर

शुक्रवारच्या बाजारात नि किनाऱ्याकडच्या मार्केटात अशी "अँटिक" पिस्तुलं मी ढिगाने बघितली आहेत, पितळी नळी, टॉवर (ब्रिटिश सरकारी शस्त्रागाराचा शिक्का) लिहिलेलं, मुकुट, वर एक साल पण कोरलेलं. सगळी साच्यात ओतलेली, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. टुरिस्ट घेऊन जातात. तुमचं तसलं तर नाही ना?

गंजबहाद्दर

म्हापशेकर, शंका बरोबर पण फोटोत दिसतंय त्यावरून नाही. ओतीव मालात चक्राचे असे कोपरे नि झाकणाचा सांधा येत नाही, आणि ओतताना अक्षरंही साच्यातूनच येतात म्हणून ती फुगीर-बोथट दिसतात. इथे ठोकलेल्या शिक्क्याच्या बाजूने धातू किंचित वर आलेला दिसतोय. टॉवरवाल्या खोट्या मालावर दुसरी खूण म्हणजे साल. ब्रिटिश सरकारी हत्यारांच्या घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर साल घालणं १७६४ नंतर बंद झालेलं, तरी बाजारात १७९० नि १८१० लिहिलेली टॉवर पिस्तुलं मिळतात. कंपनी सरकारच्या मालाचा हिशोब वेगळा, त्यावर सालं असायची, आणि पुढे उभा सिंह. पण तो वेगळा धागा होईल.

डिचोलकार

तोफखाना सर, घरं सहाही रिकामी, उजेड आरपार. मामाला तुमचा निरोप दिला, तो रुसलाय.

गंजबहाद्दर, तुमच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री दिवे बंद करून बसलो, मावशीला वाटलं लाईट गेली. बटरपेपरची युक्ती झकास चालली. नळीच्या वरच्या पैलूवर सोलेय आणि पुढे लिएज स्पष्ट आलंय, सोलेयच्या आधी एक एल असावा. फ्रेमच्या बाजूला अबादी पण निघालं, म्हणजे तुम्ही न बघता सांगितलेलं. चक्रावरच्या लंबगोलात तीन अक्षरं, ई, एल, जी, खाली बारीक चांदणी. एकटं अक्षर दोन ठिकाणी आहे, नळीवर नि चक्रावर, डोक्यावर चांदणी आहे. फ्रेमवर, झाकणावर नि चक्रावर नंबर तोच. नळी अकरा सेंटीमीटरहून थोडी जास्त. तोंडाशी व्हर्नियरने नऊ मिलिमीटरच्या आसपास भरते, आत आटे (पिळदार खाचा) दिसतात.

अडचण एकच. लंबगोलाच्या वर एक डाग आहे. मोठा मामा म्हणतो मुकुट. मला गंजाचा खड्डा वाटतो. तीन वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढलेत, बघा.

गंजबहाद्दर

वा, आता मजा आली. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

लिएज हे बेल्जियमचं शहर, बंदुका बनवण्यात त्या काळी जगात पुढे, आणि तिथला नियम असा की नळी नि चक्र सरकारी तपासणीघरात जादा दारू भरून उडवून बघायचं, टिकलं तर शिक्का. लंबगोलातला ई-एल-जी तोच, लिएजची चाचणी पार झाल्याचा. हा शिक्का १८१० पासून आहे त्यामुळे नुसता तो बघून काहीच ठरत नाही, आणि नेटवर लोक हीच गल्लत करतात, ई-एल-जी दिसलं की "१८१० ची पिस्तूल" म्हणून विकायला काढतात. साल ठरतं ते शिक्क्याच्या आजूबाजूच्या बारीकसारीक गोष्टींवरून.

पहिली गोष्ट ते एकटं अक्षर. ते तपासनिसाचं, प्रत्येकाला एक अक्षर दिलेलं असे. १८५३ पासून १८७७ पर्यंत त्या अक्षरावर मुकुट असायचा, १८७७ पासून मुकुटाच्या जागी चांदणी आली. तुमच्याकडे दोन्ही ठिकाणी चांदणी आहे, म्हणजे १८७७ च्या आधीचं हे असूच शकत नाही. मोठ्या मामाला इथेच थांबवावं लागेल.

दुसरी गोष्ट लंबगोल. जुलै १८९३ मध्ये नियम बदलले आणि त्या लंबगोलाच्या डोक्यावर मुकुट आला. म्हणून तो डाग महत्त्वाचा, मुकुट असेल तर १८९३ नंतरचं, नसेल तर आधीचं. तुमचे तिन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. ठोकलेल्या शिक्क्याचा तळ सपाट असतो आणि उजेड कुठूनही मारा, त्याची कड सलग दिसते. त्या डागाची सावली प्रत्येक फोटोत वेगळ्या आकाराची पडतेय, तळ खडबडीत आहे, आणि तो लंबगोलाच्या मधोमध पण नाही, डावीकडे सरकलाय. लिएजचा मुकुटवाला शिक्का एकाच ठशात पडायचा, मुकुट लंबगोलाला चिकटून बरोबर मध्ये. हा खड्डाच आहे. शिवाय १८९४ पासून आटे असलेल्या नळीवर मुकुटाखाली आर असा आणखी एक शिक्का मारायचे, तुमच्या नळीवर आटे आहेत पण तो आर कुठे दिसत नाही. दोन वेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात तेव्हा मला बरं वाटतं.

म्हणजे शिक्क्यांवरून १८७७ ते १८९३. आता मॉडेल. अबादी रचनेची, सोलेयने लिएजला बनवलेली, नऊ मिलिमीटरहून जरा मोठ्या काडतुसाची ही रिव्हॉल्व्हर्स पोर्तुगीज सैन्याने घेतली होती, दोन मॉडेलं. १८७८ चं अधिकाऱ्यांसाठी, आखूड नळीचं. १८८६ चं शिपाई लोकांसाठी, नळी जवळपास तीन सेंटीमीटरने लांब. तुमची अकराच्या वर, म्हणजे अधिकाऱ्यांचं १८७८ मॉडेल.

थोडक्यात: पोर्तुगीज सैन्याचं अधिकाऱ्यांचं रिव्हॉल्व्हर, अबादी, मॉडेल १८७८, बनवणारा सोलेय, लिएज, बनवल्याचा काळ १८७८ ते १८९३. पाखला ऑफिसर म्हणणारा धाकटा मामा जिंकला, निदान पहिल्या मालकापुरता.

सत्तरीचो_भुरगो

शिक्क्याचं मानलं. पण दुरुस्ती करताना नंतर कोणी शिक्के मारले असतील तर? मूळ पिस्तूल जुनं नि नळी नवी?

तोफखाना_रिटायर्ड

भुरग्या, शिक्के क्षणभर बाजूला ठेव. चक्राची घरं आरपार आहेत, मागून पितळी काडतूस भरायचं. १८५२ ला सैन्यात जी पिस्तुलं होती ती तोंडातून दारू नि गोळी ठासायची नि मागे टोपी (ठिणगी पाडणारी बारीक स्फोटक टोपी) लावायची. कोल्टची रिव्हॉल्व्हर्स होती तेव्हा, पण तीही ठासणीचीच, चक्राला मागून भोक नाही, टोपीची निप्पल. आरपार चक्राचं रोलिन व्हाईटचं पेटंट १८५५ चं, आणि ते वापरून स्मिथ-वेसनने पहिलं रिव्हॉल्व्हर आणलं १८५७ ला. मधोमध टोपी असलेलं काडतूस सैन्यात रुळायला त्यानंतरही वेळ गेला. नळी बदलली, मूठ बदलली, सगळं मान्य, पण अख्खी रचनाच त्या काळातली नाही. आणि फ्रेम, झाकण, चक्र तिघांवर एकच नंबर आहे म्हणजे ते एकत्रच जन्मलेत.

सत्तरीचो_भुरगो

बरें. मग दिपाजी नाही तर दादा राणे? १८९५ चं बंड?

लिस्बोआहून

इथे मी थोडं बोलू शकतो, मूळचा मी फोंड्याचा, आता लिस्बनला. १८९५ साली गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकच्या लढाईवर पाठवायचा हुकूम निघाला, त्यांनी जायला नकार दिला, हत्यारं घेऊन बाहेर पडले नि नाणूसला जाऊन बसले, पुढे दादा राणे नि मंडळी त्यांना मिळाली. ते मोडायला पोर्तुगालचा राजा कार्लुश याचा भाऊ दों आफोंसु स्वतः फौज घेऊन गोव्यात उतरला. म्हणजे त्या वर्षभरात सत्तरीत पोर्तुगीज सरकारी हत्यारं दोन्ही बाजूंना फिरत होती, आणि १८७८ मॉडेलचं रिव्हॉल्व्हर तेव्हा अधिकाऱ्याच्या कमरेला असणं अगदी नेहमीचं, कारण लुगर पिस्तुलं त्यांच्याकडे आली पार १९०८ नंतर.

आणखी एक. गोव्याचं जुनं स्थानिक सैन्य १८७१ साली वळवईच्या बंडानंतर बरखास्त केलेलं. त्यामुळे हे रिव्हॉल्व्हर जुन्या सैन्यातलं उरलंसुरलं असणं शक्य नाही, त्याच्या नंतरच्याच कोणाचं तरी आहे.

पण बंडात हातात पडलं, की ऑफिसराने पेन्शनवर जाताना विकलं, की खरंच गहाण पडलं, हे लोखंडावर लिहिलेलं नसतं. घरात काही कागद आहे का? पोर्तुगीज अमदानीत हत्याराचा परवाना लागायचा, जुन्या पेट्यांतून असे कागद सापडतात. मिळाला तर नाव झाकून टाका, वाचून देतो.

डिचोलकार

कागद आहे! आजोबांच्या लग्नाच्या कागदांबरोबर होता, एका बाजूने वाळवीने खाल्लेला. तिकीट चिकटवलेलं, शिक्का, १९३४ साल दिसतं. नाव झाकून टाकलाय.

लिस्बोआहून

वाचला. एक वर्षाचा परवाना आहे, हत्यार बाळगायचा, पणजोबांच्या नावे. हत्याराच्या रकान्यात रिव्हॉल्व्हर, कॅलिबर नऊ मिलिमीटर, आणि उद्देश म्हणून घर नि मालमत्तेचं रक्षण. मिळालं कसं याबद्दल एक शब्द नाही. नंबराचा रकाना वाळवीच्या पोटात गेलाय, त्यामुळे तेच हत्यार हे कागदावरून सिद्ध होत नाही, पण १९३४ ला घरात त्या मापाचं रिव्हॉल्व्हर कायदेशीर होतं एवढं पक्कं. मोठ्या मामासाठी दिलासा म्हणजे १८९५ ची दारं अजून उघडी आहेत. कोर्टाच्या कागदात मात्र घालू नका.

वकीलबाई_फोंडा

सगळे इतिहासात रमलेत म्हणून मला बोलावं लागतंय. डिचोलकार, कोर्टाच्या यादीच्या आधी दुसरं काम आहे.

१९३४ च्या परवान्याचा आज उपयोग शून्य. मुक्तीनंतर इथे भारतीय शस्त्र कायदा लागू आहे. नेटवर परदेशी लोक लिहितात की १८९९ च्या आधीचं हत्यार अँटिक, लायसन्स लागत नाही. तो अमेरिकेचा नियम, आपल्याकडे असं कुठलंही साल ठरलेलं नाही. आपल्या १९५९ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती अशा जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. तुम्ही स्वतःच वर लिहिलंय की चक्र फिरतं, चाप चालतो, नळी मोकळी आहे. काडतूस बाजारात मिळत नाही हा बचाव कोर्टात किती टिकेल ते मला विचारू नका. विनापरवाना हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी दोन वर्षं, पाचपर्यंत.

घाबरू नका, वाटही कायद्यातच आहे. कलम २१ प्रमाणे ज्याच्याकडे हत्यार बाळगायचा हक्क उरला नाही त्याने ते विनाविलंब जवळच्या पोलीस स्टेशनात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायचं. एक अर्ज लिहा, मयताच्या कपाटात यादी करताना मिळालं, मृत्यूचा दाखला जोडा, १९३४ च्या कागदाची झेरॉक्स जोडा, वकिलाला बरोबर घ्या नि जमा करून पावती घ्या. पावतीवर वर्णन नि नंबर नीट लिहून घ्या, "एक जुने पिस्तूल" एवढ्यावर सही करून परत येऊ नका, वस्तू परत घ्यायची वेळ येते तेव्हा त्यावरूनच भांडणं होतात. माझ्या एका अशिलाची वडिलोपार्जित दुनळी निवडणुकीच्या वेळी जमा केली, परत मिळाली ती दुसऱ्याच कुणाची, नंबर पावतीवर नव्हता. मग वारसांपैकी ज्याला हवंय त्याने वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे पणजीला लायसन्ससाठी अर्ज करावा. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, मामाकडे आधीची शेतीची बंदूक असेल तर तीही मोजा.

इन्व्हेंतारच्या यादीत पावतीचा उल्लेख करून घाला. आणि हो, शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने बंदी आहे, पोर्तुगालला असलेल्या कुठल्या भाच्याच्या बॅगेत घालायची आयडिया निघण्याआधी सांगून ठेवते.

लिस्बोआहून

माझ्याकडे बघून बोलू नका, मी फक्त कागद वाचला.

पोरसांव

मावशी जिंकली. घरातून बाहेर.

डिचोलकार

वकीलबाई, आमच्या वकिलाला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला, तो म्हणाला बरोबर आहे नि मी हेच सांगणार होतो. असो. आज सकाळी दोन्ही मामा, वकील नि मी जाऊन जमा करून आलो. ड्यूटीवरच्या साहेबांनी अर्धा तास ते उलटंसुलटं करून बघितलं, त्यांनाही झाकणाची गंमत आवडली. पावतीवर वर्णन आम्ही लिहून नेलेलं तेच उतरवून घेतलं:

"सहा घरांचे रिव्हॉल्व्हर, अबादी पद्धतीचे, अष्टकोनी नळी, नळीवर सोलेय, लिएज असा मजकूर, लिएजचा चाचणी शिक्का मुकुटाविना, तपासनिसाचे अक्षर चांदणीसह, लाकडी मूठ, मुठीखाली कडी, फ्रेम, झाकण व चक्रावर समान नंबर, गंजलेले, काडतुसे नाहीत. अंदाजे निर्मितीकाळ १८७८ ते १८९३."

मोठ्या मामाने फॉर्मवर सही करताना साहेबांना दिपाजी राण्यांची गोष्ट सांगितलीच. साहेब केरीचे निघाले, त्यांनी त्यांच्याकडची सांगितली. देव बरें करूं सगळ्यांचें.

गंजबहाद्दर

वर्णन उत्तम. नळीची लांबी राहिली, इन्व्हेंतारच्या यादीत ती नक्की घाला, १८७८ नि १८८६ मधला फरक त्यावरच ठरतो. आणि परत ताब्यात येईपर्यंत मध्ये पावसाळा गेला तर पहिल्या दिवशी तेलाचं कापड फिरवा, सरकारी कपाटात कोणी ते करत नसतं.

म्हापशेकर

धाग्यात घुसतोय, पण विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या साळगावच्या एका मित्राकडे आजोबांचं पिस्तूल आहे, लायसन्सवर आहे, वकीलबाई शांत रहा. वर मागच्या बाजूला गुडघ्यासारखा दुमडणारा भाग आहे, तो वर उचलला जातो. बाजूला एका पट्टीवर कार्रेगादा लिहिलंय, आणि वर मुकुट नि खाली एम सारखं काहीतरी. त्याच्या घरचे म्हणतात हिटलरच्या सैन्याचं, एकसष्ट साली पोर्तुगीज टाकून गेले.

गंजबहाद्दर

दुमडणारा गुडघा म्हणजे लुगर, आणि कार्रेगादा म्हणजे भरलेलं, चेंबरमध्ये गोळी असली की ती पट्टी वर येऊन शब्द दिसतो. जर्मन सैन्याच्या लुगरवर तो शब्द जर्मन भाषेत असतो, त्यामुळे हिटलर बाद. तो एम नुसता आहे की त्यात दोनचा आकडा गुंतलाय ते बघायला सांगा. एम नि दोन असेल तर तो पोर्तुगालचा राजा मानुएल दुसरा, आणि इथे साल काढायला लिएजइतकी मेहनतच नको. त्याचा बाप नि भाऊ १ फेब्रुवारी १९०८ ला मारले गेले म्हणून तो गादीवर आला आणि ५ ऑक्टोबर १९१० ला राज्यक्रांती होऊन पळाला. त्याच्या नावाचा मुकुट पिस्तुलावर घालायचा हुकूम या दोन तारखांच्या मधलाच. त्या खरेदीतली सैन्याची लुगर ७.६५ मिलिमीटरची, बनवणारी बर्लिनची डी-डब्ल्यू-एम, तिची एकमेकांत गुंतलेली अक्षरं गुडघ्याच्या पुढच्या भागावर असतील.

मुकुट नसून जी-एन-आर अशी अक्षरं असतील तर गोष्ट वेगळी, ती पोर्तुगीज रिपब्लिकन गार्डची, १९३५ ची, माउझरची. दोन्हींत पंचवीसेक वर्षांचं अंतर आहे पण लांबून सारखीच दिसतात.

म्हापशेकर

गुंतलेलं काहीतरी आहे खरं, मला वाटलं नक्षी आहे. रविवारी जाऊन फोटो काढतो. टॉर्च बाजूने, कळलं.

गंजबहाद्दर

गुडघ्याचा फोटो वरून सरळ घ्या, चेंबरचा वेगळा. नंबर झाकून.

तोफखाना_रिटायर्ड

आणि मॅगझिन काढून, चेंबर डोळ्याने बघून. ती पट्टी वर आलेली नाही म्हणजे रिकामं आहे असं धरून चालू नका, जुन्या पट्ट्या अडकतात.